पगार वर्दीचा, कर्ज पदवीचं

जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या ॲटर्नी जनरल लिसा मॅडिगन यांनी वेस्टवूड कॉलेजवर दावा ठोकला. नफ्यासाठी चालणाऱ्या या खासगी कॉलेजच्या शिकागो परिसरात शाखा होत्या आणि तिथला क्रिमिनल जस्टिसचा, म्हणजे पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांच्या कामाचा अभ्यासक्रम जोरात खपत होता. पोलीस व्हायचंय ना, मग इथे या, असा जाहिरातींचा एकूण सूर. पदवीचा खर्च सत्तर हजार डॉलरांच्या घरात. राज्याची तक्रार अशी, की ही पदवी घेऊन मुलं शिकागो पोलिसांकडे किंवा इलिनॉय स्टेट पोलिसांकडे गेली की तिथे त्यांचं शिक्षण धरलंच जात नव्हतं. कर्ज खरं होतं, गुणपत्रिकाही खरी होती, पण ज्या दारासाठी एवढं सगळं केलं ते दार त्या कागदाने उघडत नव्हतं.

कारण मान्यतेत होतं. अमेरिकेत कॉलेजांना मान्यता सरकार देत नाही, खासगी मान्यता मंडळं देतात. त्यात दोन पंगती होत्या, ‘प्रादेशिक’ आणि ‘राष्ट्रीय’. आपल्या कानाला राष्ट्रीय म्हणजे वरचढ वाटेल, पण तिथे उलटं. हार्वर्डपासून गावच्या सरकारी कॉलेजपर्यंत सगळी प्रतिष्ठित मंडळी प्रादेशिक मान्यतेची, आणि राष्ट्रीय मान्यता बहुतेक धंदेवाईक कॉलेजांची. वेस्टवूडकडे ही दुसरी होती. २०२० मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने आपल्या नियमांतून हा भेद काढून टाकला, पण नोकरी देणाऱ्यांच्या आणि क्रेडिट्स स्वीकारणाऱ्या कॉलेजांच्या डोक्यातून तो इतक्यात जाणार नाही. वेस्टवूडवरच्या दाव्यात २०१५ मध्ये तडजोड झाली. इलिनॉयमधल्या क्रिमिनल जस्टिसच्या विद्यार्थ्यांना कॉलेजने स्वतः दिलेली दीड कोटी डॉलरांची कर्जं सोडून द्यावी लागली. २०१६ मध्ये कॉलेज बंद पडलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने वेस्टवूडच्या ७९ हजार माजी विद्यार्थ्यांची मिळून दीड अब्ज डॉलरांची कर्जं माफ केली. तोवर कित्येकांच्या उमेदीची दहा वर्षं हप्त्यांत गेली होती.

फसवणुकीचं प्रकरण म्हणून हे बाजूला ठेवता येईल. पण मला जास्त विचार करायला लावतं ते सचोटीने चालणारं कॉलेज. मान्यता चोख, प्राध्यापक बरे, फी वाजवी. तिथून क्रिमिनल जस्टिसची पदवी घेतली तर ती फिटते का?

आधी मिळकत बघू. अमेरिकी श्रम खात्याच्या मे २०२३ च्या आकड्यांनुसार गस्तीवरच्या पोलिसाचा मधला वार्षिक पगार सुमारे ७२ हजार डॉलर. मधला म्हणजे निम्मे लोक त्याच्या वर, निम्मे खाली. डिटेक्टिव्ह आणि तपास अधिकारी ९१ हजार. प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा अधिकारी, ६१-६२ हजार. तुरुंगातले रक्षक आणि कोर्टातले बेलिफ ५३ हजार. आणीबाणीचे फोन घेणारे डिस्पॅचर ४९ हजारांच्या आसपास. आणि अगदी तळाशी खासगी सिक्युरिटी गार्ड, ३७ हजार. कॉलेजच्या माहितीपत्रकात पहिले दोन आकडे ठळक छापलेले असतात. शेवटचा मी तरी कुठल्या माहितीपत्रकात पाहिलेला नाही, आणि या पदवीची बरीच मुलं निदान सुरुवातीला तरी तिथेच किंवा मॉलमधल्या चोऱ्या पकडण्याच्या कामावर लागतात.

आता यातलं किती पदवीमुळे मिळतं? पोलिसांच्या बाबतीत उत्तर अडचणीत टाकणारं आहे. अमेरिकेत जवळजवळ अठरा हजार वेगवेगळी पोलीस दलं आहेत. शहराचं वेगळं, काउंटीचं वेगळं, विद्यापीठाचंसुद्धा वेगळं. त्यातल्या बहुतेकांची अट फक्त हायस्कूल पूर्ण असावं एवढीच. लेखी परीक्षा, पळणं, मानसिक चाचणी, पूर्वेतिहासाची कसून तपासणी, आणि मग अकादमी. २०१८ च्या सरकारी पाहणीत अकादमीतलं मूलभूत प्रशिक्षण सरासरी ८३३ तासांचं निघालं. दलाने आधी भरती करून अकादमीत पाठवलं असेल तर त्या काळात पगारही चालू असतो. पदवीधर असो वा नसो, अकादमी कुणालाच चुकत नाही. तिथून बाहेर पडल्यावर पगार ठरतो तो पोलीस संघटनेने शहराशी केलेल्या करारातल्या तक्त्यावरून, म्हणजे नोकरीची वर्षं, हुद्दा आणि रात्रपाळी यांच्या हिशेबाने. ओव्हरटाइम वेगळा. अनेक ठिकाणी वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन. शिक्षणाचा भत्ता जिथे नाही तिथे एकाच तुकडीतल्या पदवीधराचा आणि हायस्कूलवाल्याचा पगार सेंटापर्यंत सारखा.

म्हणजे ७२ हजारांचा तो आकडा वर्दीचा आहे. कर्ज मात्र पदवीच्या नावावर. या दोन गोष्टी एकाच कागदावर शेजारी शेजारी छापल्या की एकीमुळे दुसरी मिळाली असं वाटायला लागतं, आणि सगळी गफलत तिथे होते.

ही पदवी निघाली तेव्हा हिशेब असा नव्हता. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांना पोलीस शिकलेला हवा होता. दंडुका चालवता येणं त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. १९१६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तिथल्या विद्यापीठात उन्हाळी वर्ग सुरू झाले. १९३० मध्ये सॅन होजे इथल्या कॉलेजात पोलिसांसाठी अभ्यासक्रम निघाला, पाच वर्षांनी मिशिगनमध्ये. पण ही सगळी तुरळक बेटं होती. लाट आली साठच्या दशकात, शहरांमधल्या दंगलींनंतर. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगाने १९६७ च्या अहवालात म्हटलं, की शेवटी प्रत्येक पोलिसाकडे चार वर्षांची पदवी असावी हे ध्येय ठेवा. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि त्यातून पोलिसांच्या शिक्षणासाठी केंद्राचा पैसा वाहू लागला. सत्तरच्या दशकात वर्षाला सुमारे चार कोटी डॉलर.

त्या योजनेची रचना बघण्यासारखी आहे. जे आधीच नोकरीत होते त्यांना फीसाठी अनुदान. जे नोकरीत यायचे होते त्यांना कर्ज, आणि पदवीनंतर पोलीस, कोर्ट किंवा तुरुंगाच्या सेवेत गेल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षाला त्यातलं पाव माफ. चार वर्षांत पाटी कोरी. धोक्याचा मोठा वाटा सरकारच्या अंगावर होता. न्यूयॉर्कमध्ये १९६५ साली उघडलेल्या, पुढे जॉन जे हे नाव मिळालेल्या कॉलेजचे पहिले विद्यार्थी बहुतांशी नोकरी करणारे पोलीसच होते. पाळी सुटली की वर्गात.

पैसा आला की दुकानं येतात. काही डझन कॉलेजांत असलेला विषय दशकभरात शेकडो ठिकाणी पसरला. १९७८ मध्ये लॉरेन्स शर्मन यांच्या नेतृत्वाखालच्या अहवालाने त्यावर कडक टीका केली: निवृत्त पोलीस शिकवतात, अकादमीचंच प्रशिक्षण कॉलेजच्या नावाखाली पुन्हा होतं, यात शिक्षण कुठे आहे? ऐंशीच्या सुरुवातीला केंद्राची योजना गुंडाळली गेली. पदवी मात्र राहिली, आणि हळूहळू तिचं गिऱ्हाईक बदललं. आधी नोकरी असलेले लोक सरकारच्या पैशाने ती घेत. आता नोकरी नसलेली अठरा वर्षांची मुलं स्वतःच्या कर्जाने, नोकरीच्या आशेवर घेऊ लागली. टीव्हीवरच्या गुन्हे-तपासाच्या मालिकांनी उरलेलं काम केलं. शतकाच्या सुरुवातीला या गटातल्या विषयांत वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास पदव्या दिल्या जात. २०१५ नंतर तो आकडा साठ हजारांच्या घरात पोचला. पोलीस भरती काही दुपटीहून जास्त वाढली नव्हती.

मॅसॅच्युसेट्समधली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पदवीने खरोखरच पगार वाढवला अशी ती जागा. १९७० मध्ये तिथे क्विन बिल नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. पोलिसाने कायदा-सुव्यवस्थेशी संबंधित विषयात दोन वर्षांची पदवी घेतली तर मूळ पगारात १० टक्के वाढ, चार वर्षांची घेतली तर २० टक्के, मास्टर्स केलं तर २५ टक्के. अर्धा भार राज्यावर, अर्धा गावावर. इतका सरळ फायदा समोर दिसल्यावर पोलीस शिकणार नाहीत तर काय. पण टक्केवारी कागदाला होती, अभ्यासाला नव्हती. तेव्हा काही कॉलेजांनी पोलिसांसाठी फारच सोपे, झटपट वर्ग काढले. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला आणि २००३ च्या सुमाराला राज्याला दर्जाचे निकष लावावे लागले. २००९ च्या मंदीत राज्याने आपला वाटा छाटला, आणि गावं व पोलीस संघटना यांच्यात उरलेल्या भारावरून कोर्टकज्जे सुरू झाले. तरी हिशेबाच्या दृष्टीने ही योजना प्रामाणिक होती असं मला वाटतं. पदवीची किंमत किती, हे तिथे पगारपत्रकात छापलेलं होतं. बाकी ठिकाणी ते अंदाजावर सोडलेलं असतं.

तो अंदाज जरा कागद-पेन्सिल घेऊन करू. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारचं कर्ज पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतं, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे वर्षाला ७,५००. चार वर्षांचे २७ हजार. २०२४-२५ चा व्याजदर ६.५३ टक्के होता. दहा वर्षांत फेडायचं धरलं तर महिन्याचा हप्ता बसतो सुमारे ३०७ डॉलर, आणि फेडून होईपर्यंत एकूण ३६,८०० च्या वर जातात. आता वर्षाच्या मिळकतीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त हप्ता नसावा ही मर्यादा घेऊ. धंदेवाईक अभ्यासक्रम तपासण्यासाठी अमेरिकी शिक्षण खात्याने हीच टक्केवारी वापरली आहे. आपण ती फक्त घरगुती अंदाजासाठी उसनी घेतोय. ७२ हजार कमावणाऱ्या पोलिसाला महिना ४८० डॉलरपर्यंत झेपतात, ३०७ म्हणजे काहीच नाही. तुरुंगरक्षकाला जेमतेम बसतो. ३७ हजारांच्या सिक्युरिटी गार्डची मर्यादा २४७ वर संपते. तोच अभ्यासक्रम, तेच कर्ज, पण एकाला किरकोळ आणि दुसऱ्याच्या गळ्याशी आलेलं. आणि तुरुंगरक्षक व गार्ड या दोन्ही नोकऱ्यांना पदवीची गरजच नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ते ३०७ डॉलर कशासाठी, याला उत्तर नाही.

२७ हजार हे सौम्य उदाहरण झालं. खासगी कॉलेजांची छापील सरासरी फी २०२४-२५ मध्ये वर्षाला ४३ हजार डॉलरांच्या वर होती. शिष्यवृत्त्या वजा जाऊन प्रत्यक्षात कमी पडते हे खरं, पण उरलेलं केंद्राच्या कर्जात मावत नाही. मग आईवडिलांच्या नावावर कर्ज, नाहीतर खासगी बँकेचं. दुसऱ्या टोकाला कम्युनिटी कॉलेज आहे. तिथे सरासरी फी वर्षाला चार हजार. घरी राहायचं, दोन वर्षं तिथे काढायची, मग राज्याच्या कॉलेजात जायचं. जॉन जे कॉलेजची राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी फी वर्षाला ६,९३० डॉलर आहे, आणि गरीब घरातल्या मुलाला मिळणारं केंद्राचं पेल अनुदान जास्तीत जास्त ७,३९५. म्हणजे शिकवणीची फी पूर्ण भागते. अशा मुलाने ही पदवी घ्यावी की नाही यावर मी एक मिनिटही खर्च करणार नाही. खुशाल घ्यावी. वाद आहे तो किमतीचा.

त्यात आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याच्या बाजूची आहे, जी टीकाकार विसरतात. बहुतेक पोलीस दलं २१ वर्षांखाली घेत नाहीत. हायस्कूल संपतं अठराव्या वर्षी. मधली तीन वर्षं करायचं काय? कुणी लष्करात जातं, कुणी दुकानात लागतं. स्वस्तात दोन वर्षांची पदवी घेणं हा त्या पोकळीचा बरा उपयोग आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी तर कॉलेजची ६० क्रेडिट्स किंवा लष्करी सेवा अशी अट बरीच वर्षं ठेवली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये माणसंच मिळेनात म्हणून ती २४ क्रेडिट्सवर आणली. भरतीची चणचण असते तेव्हा पदवीचा भाव असा उतरतो. ज्यांनी ६० क्रेडिट्ससाठी कर्ज काढलं होतं त्यांना ते कुणी परत करणार नाही.

न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक विषयवार एक तक्ता काढते. नव्या पदवीधरांपैकी किती जण पदवीची गरज नसलेली नोकरी करतात, याचा. अलीकडच्या तक्त्यात क्रिमिनल जस्टिस या यादीत अव्वल आहे, जवळजवळ दोन तृतीयांश. नाट्य-नृत्यवाल्यांच्याही पुढे. हा आकडा दाखवून ‘पदवी निरुपयोगी’ असं लिहिणारे बरेच सापडतील. पण तो जरा थांबून वाचावा लागतो. पदवीची गरज नसलेल्या नोकऱ्यांत पोलीसही मोजला जातो! म्हणजे ८० हजार कमावणारा, पेन्शनीचा पोलीस आणि रात्री गोदामाच्या दारात बसणारा गार्ड दोघंही त्याच दोन तृतीयांशात. याच विषयाच्या पदवीधरांत बेरोजगारी मात्र फार नाही. हाताला काम मिळतं. पदवीशिवायही मिळालं असतं, एवढंच त्या आकड्याचं म्हणणं.

पदवीशिवाय न उघडणारी दारं आहेतच, आणि तौलनिक हिशेब खरा तिथे लागतो. प्रोबेशन ऑफिसरला बहुतेक राज्यांत चार वर्षांची पदवी लागते. एफबीआयच्या स्पेशल एजंटला पदवी आणि कामाचा अनुभव, पण विषय कुठलाही चालतो, आणि हिशेबनीस, वकील, संगणकवाले, परकी भाषा येणारे यांना तिथे जास्त मागणी. न्यूयॉर्क पोलिसांत कॅप्टन व्हायला पदवी हवी. मिनेसोटा हे राज्य तर साध्या पोलिसालाही दोन वर्षांच्या पदवीची अट घालतं. पण दुर्दैव असं, की एक वाईट लुबाडणूक याच राज्यात झाली. ग्लोब युनिव्हर्सिटी आणि मिनेसोटा स्कूल ऑफ बिझनेस या भावंड कॉलेजांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, की आमचा क्रिमिनल जस्टिस करून तुम्ही पोलीस किंवा प्रोबेशन ऑफिसर व्हाल. पोलिसासाठी राज्याच्या परवाना मंडळाने मंजूर केलेला अभ्यासक्रम लागतो, तो यांचा नव्हता. प्रोबेशनसाठी चार वर्षांची पदवी लागते, आणि हे विकत होते दोन वर्षांची. २०१६ मध्ये कोर्टाने ही फसवणूक ठरवली, केंद्राने आर्थिक मदत तोडली आणि कॉलेजं मिटली. अट असलेल्या जागी कागद नेमका कुठला हे विचारलं नाही, तर अट नसलेल्या जागेपेक्षा जास्त बुडायला होतं.

अशा कॉलेजांचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे लष्करातून सुटून आलेली मुलं. याला कायद्यातली एक फट कारण होती. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजने ९० टक्क्यांहून जास्त उत्पन्न केंद्राच्या विद्यार्थी मदतीतून मिळवायचं नाही, असा नियम. पण माजी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणारा पैसा बरीच वर्षं त्या ९० टक्क्यांत धरलाच जात नव्हता. एक सैनिक दाखल करून घेतला की त्याच्या जोरावर कर्ज काढणारे बरेच नागरिक दाखल करता येत. सैनिकाला वर्दीची सवय, पोलीस व्हायची ओढ. क्रिमिनल जस्टिस त्याला विकायला किती सोपं! ही फट २०२१ च्या कायद्याने बुजवली.

कर्जमाफीचं काय, असं कुणीही विचारेल. २००७ पासून सार्वजनिक सेवेतल्या लोकांसाठी योजना आहे. १२० हप्ते भरा, उरलेलं माफ. पोलीस, तुरुंग, प्रोबेशन सगळे त्यात बसतात. पण दहा वर्षांच्या नेहमीच्या परतफेडीत १२० हप्ते झाले की कर्जच संपतं, माफ करायला काही उरत नाही. फायदा हवा तर उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता ठरवणारी योजना सुरुवातीलाच निवडावी लागते. हे कितीतरी लोकांना कुणी सांगितलंच नाही. २०१७ मध्ये पहिली तुकडी माफीला पात्र झाली तेव्हा शंभरातले नव्व्याण्णव अर्ज फेटाळले गेले. चुकीच्या प्रकारचं कर्ज, चुकीची परतफेड योजना, राहिलेली सही. नंतर नियम सैल झाले आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत दहा लाखांहून जास्त लोकांना माफी मिळाली. ३७ हजारांवरच्या खासगी गार्डला मात्र ती नाही. तो सार्वजनिक सेवेत मोडत नाही.

कर्ज थकलं तर या क्षेत्रात दुहेरी मार बसतो. पोलीस भरतीत पूर्वेतिहास तपासताना अर्जदाराचा कर्जाचा इतिहासही काढतात. पैशाच्या अडचणीत असलेला माणूस लाच घेण्याची शक्यता जास्त, हे त्यामागचं गणित. नोकरीसाठी कर्ज, नोकरी नाही म्हणून हप्ता चुकला, हप्ता चुकला म्हणून नोकरीसाठी अपात्र. हे चक्र इतर विषयांच्या पदवीधरांना एवढं सहज लागत नाही.

मग कॉलेज निवडताना बघायचं काय? २०१५ पासून शिक्षण खात्याचं कॉलेज स्कोअरकार्ड खुलं आहे, आणि २०१९ पासून त्यात अभ्यासक्रमवार आकडे मिळतात: अमुक कॉलेजच्या अमुक पदवीनंतर मधली मिळकत किती, मधलं कर्ज किती. मुलाच्या कर्जाच्या आकड्यात आईवडिलांच्या नावावरचं आणि बँकेचं कर्ज धरलेलं नसतं, त्यामुळे तो नेहमी बरा दिसतो. मिळकत फक्त केंद्राची मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची असते. आणि ती कुठल्या नोकरीतून आली हे तिथे कळत नाही. चांगला पगार देणाऱ्या पोलीस दलाच्या शेजारचं सामान्य कॉलेज त्यात चमकेल, गरीब काउंटीतलं उत्तम कॉलेज फिकं पडेल. स्कोअरकार्डच्या आधी मी तर ज्या दलात जायचंय त्याच्या भरती कार्यालयात फोन लावायला सांगेन. या कॉलेजची क्रेडिट्स तुम्ही धरता का, पदवीला भत्ता देता का, नोकरीत असताना फी परत करता का. तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर आधी वर्दी आणि मग पदवी हा जुना, १९६५ चा क्रम अजूनही सर्वांत स्वस्त पडतो.

जुलै २०२५ च्या कायद्याने आणखी एक चाळणी लावली आहे. ज्या पदवीचे विद्यार्थी त्या राज्यातल्या नुसत्या हायस्कूलवाल्यांपेक्षा कमी कमावतात, तिला तीनपैकी दोन वर्षं तसं आढळलं तर केंद्राचं कर्ज बंद. क्रिमिनल जस्टिसच्या बऱ्याच पदव्या ही चाळणी पार करतील असा माझा अंदाज, कारण पोलिसांचे पगार मिळकतीचा आकडा वर ओढतात. वर्दीचा पगार इथेही पदवीच्या खात्यावर जमा होणार.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हा विषय निघतो तेव्हा आईवडिलांचा पहिला सूर ‘हे काय भलतंच’ असा असतो. पोरगं तिथे जन्मलेलं, नागरिक असेल तर वरचा सगळा हिशेब त्याला लागू, आणि जवळच्या सरकारी कॉलेजात तो वाईट नाही. पुण्या-नागपुराहून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याचं वेगळं आहे. तिथल्या बहुतेक पोलीस दलांत नागरिकत्व लागतं, काही ठिकाणी ग्रीन कार्डवर भागतं, विद्यार्थी व्हिसावर सहसा नाही. एफबीआयचा तर प्रश्नच नाही. केंद्राचं स्वस्त कर्ज आणि पेल अनुदानही परदेशी विद्यार्थ्याला नसतं, म्हणजे पूर्ण फी, आणि ती बहुधा इथल्या बँकेच्या कर्जातून. पदवीनंतर कामाची परवानगी साध्या क्रिमिनल जस्टिसला एका वर्षाची. फोरेन्सिक सायन्स किंवा सायबर फोरेन्सिक्स विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत येतात, त्यांना आणखी दोन वर्षं मिळतात. परत येऊन पोलिसात जायचं म्हटलं तर महाराष्ट्रात शिपायाला बारावी लागते आणि एमपीएससीतून फौजदार व्हायला कुठल्याही शाखेची पदवी चालते. अमेरिकेतल्या क्रिमिनल जस्टिसला तिथे वेगळे गुण नाहीत. मैदानी चाचणीत मात्र सगळ्यांनाच पळावं लागतं.